नक्षी शाबूत, पण टायरचं वय?

गाडीचे टायर कधी बदलावेत यावरच्या तुमच्या लेखात ‘नक्षी (म्हणजे टायरवरच्या खाचा) १.६ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर टायर बदलायची गरज नाही’ असं म्हटलंय. हे वाक्य कमी फिरणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत फसवं आहे. १.६ ही झाली कायद्याची मर्यादा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, उन्हात तर जास्तच.

आमच्या बाबांची गाडी नऊ वर्षांत जेमतेम २२ हजार किलोमीटर चाललेली, कायम उघड्यावर उभी. नक्षी बघाल तर नव्यासारखी. सिन्नरच्या अलीकडे पंक्चर काढायला थांबलो, तर पंक्चरवाल्या काकांनी टायरच्या बाजूला अंगठा दाबून दाखवला. केसासारख्या बारीक भेगा सगळीकडे उमलल्या. मग त्यांनी ओल्या फडक्याने चिखल पुसून आकडा वाचला : ३११४, म्हणजे २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. हा चार आकडी शिक्का प्रत्येक टायरवर असतो, लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही! (कधीकधी तो आतल्या बाजूला असतो, त्यासाठी गाडीखाली वाकावं लागतं.) पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावेत, आणि दहाव्या वर्षी नक्षी कशीही असो, काढून टाकावेत, असं काही टायर कंपन्या स्वतःच सांगतात. स्टेपनीलाही तेच लागू.

आणि नवीन टायर घेतानाही हाच आकडा बघा. मला दुकानदार ‘एकदम फ्रेश माल’ म्हणून अडीच वर्षांपूर्वीचे गळ्यात मारत होता. आकडा दाखवल्यावर गुपचूप आतून दुसरे आणले.