ताई, हा नर की मादी?

आमच्या लॅबमध्ये चिलटं पाळतात. आंब्याच्या सालींवर घोंघावतात तीच. कागदोपत्री त्यांना ड्रोसोफिला म्हणायचं. मी त्यांच्यावर पीएचडी करते हे ऐकून आत्या म्हणाली, "अगं, आमच्या कचऱ्याच्या डब्यातली घेऊन जा की!"

चिलटांचा काही त्रास नाही. त्रास मे महिन्यात येणाऱ्या इंटर्नचा. सर त्यांचं हसून स्वागत करतात आणि "ताई दाखवेल सगळं" म्हणून कॉन्फरन्सला निघून जातात. यंदाच्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, क्रिस्पर कधी करायचं?" म्हणजे जनुकं कापून बदलायचं तंत्र. मी त्याच्या हातात ब्रश दिला आणि नर-मादी वेगळे करायला बसवलं.

नराचं पोट मागच्या टोकाला काळं असतं, पुढच्या पायांवर बारीक कंगवा असतो. पुस्तकात सोपं आहे. पण कोशातून नुकतीच निघालेली माशी, नर असो की मादी, फिकटच दिसते आणि आम्हाला नेमक्या त्याच वयाच्या माद्या हव्या असतात. मादी नराला एकदा भेटली की त्याचे शुक्राणू साठवून ठेवते, मग पुढच्या संकराचा भरवसा नाही. म्हणून 25 अंशांवर वाढलेल्या माद्या जन्मल्यापासून आठ तासांच्या आत वेचायच्या. म्हणजे सकाळी या, संध्याकाळी या, रविवारीही या. 18 अंशांवर ठेवलं तर ही मुदत साधारण दुप्पट होते. इंटर्नने आपण होऊन आत्मसात केलेलं हे पहिलं ज्ञान, आणि तेही शनिवारी दुपारी.

माशा ठेवायच्या बाटलीवर, म्हणजे व्हायलवर, काय लिहायचं हेही शिकवावं लागतं. जीनोटाइप, म्हणजे आतल्या माशांची जनुकं कोणती ते, आणि तारीख, एवढंच. याने एकीवर लिहिलं 'नवीन', दुसरीवर 'नवीन २', तिसरीवर 'खरी नवीन'. अमेरिकी शास्त्रज्ञ मॉर्गनला 1910 साली याच माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि त्यातून लिंगाशी निगडित आनुवंशिकता उलगडली. आमच्या इंटर्नला तसा नर दर आठवड्याला सापडतो. शेजारच्या व्हायलमधून उडून आलेला असतो, पण त्याचा आनंद मॉर्गनपेक्षा कमी नसतो.

मग एके दिवशी त्याच्या कुमारिकांच्या व्हायलमध्ये अळ्या वळवळताना दिसल्या. मी काहीच बोलले नाही, नुसती व्हायल उजेडात धरली. तो बराच वेळ बघत राहिला.

"ताई, पार्थेनोजेनेसिस असेल का?"

नराशिवाय प्रजा! केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये याच माशीत जनुकं बदलून ते करून दाखवलंय, हा पेपर त्याने वाचला होता. इंटर्न पेपर फार वाचतात. पेपरामागच्या कष्टांची मात्र त्यांना खबर नसते. म्हटलं, "त्यांना दोन लाखांहून जास्त कुमारिका लागल्या होत्या. तू तेवढ्या गोळा कर, मग बोलू."

तो खरंच सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसला. अर्ध्या तासाने मान वर न करता विचारलं, "ताई, हा नर की मादी?"

नर होता.

जुलैमध्ये त्याला शिफारसपत्र हवं होतं. सही सरांची, मसुदा अर्थातच माझा. 'अनपेक्षित निकाल आला तरी डगमगत नाही, पर्यायी स्पष्टीकरण तत्काळ सुचवतो,' असं मी लिहिलं. त्यात खोटं काय आहे?