घरचा मीडिया सर्व्हर: पैसे नेमके कशाचे लागतात

प्लेक्स म्हणजे घरच्या संगणकावरचे सिनेमे टीव्ही-फोनवर दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजेच मीडिया सर्व्हर. त्याच्या कंपनीने २९ एप्रिल २०२५ पासून दर वाढवले आणि एक जुनी मोफत सोय पैशांत टाकली. तेव्हापासून एक संदेश या गटातून त्या गटात फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, मजकूर साधारण असा असतो: प्लेक्स आता फुकट राहिलेलं नाही, घरातल्या घरात स्वतःचे सिनेमे पाहायलाही पैसे पडतात. फोरके पाहायचं तर पेड पास हवाच. त्यापेक्षा जेलीफिन हे तसंच मोफत सॉफ्टवेअर टाका, तेच सगळं फुकट मिळेल. बाहेरगावाहून पाहायला राउटरवर ८०९६ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडा. मशीन म्हणून माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढा, खर्च शून्य. आणि प्लेक्स सुटत नसेल तर एकदाच लाइफटाइम पास घेऊन मोकळे व्हा.

हा सल्ला वाचून लोक खरोखर पैसे भरतात, राउटरच्या सेटिंगला हात घालतात, म्हणून त्याचं सविस्तर उत्तर द्यायला हवं. यातल्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी उगम पावतात. फाइल घरातल्या नेटवर्कवरच फिरते आहे की घराबाहेर जाते आहे, हा फरक संदेशात कुठेच केलेला नाही. खर्च आणि धोका, दोन्ही आधी त्यावर ठरतात.

पहिला दावा: घरातही पैसे लागतात. हे साफ चूक आहे. सर्व्हर आणि टीव्ही किंवा फोन एकाच नेटवर्कवर असतील तर प्लेक्स आजही काही मागत नाही. उलट फोनच्या बाबतीत ते सैल झालं. पूर्वी फोनवरच्या ॲपमध्ये पैसे न भरता एका मिनिटापलीकडे व्हिडिओ चालत नसे. ती अट याच बदलात काढून टाकली. पैशांत गेलं ते घराबाहेरून आपले व्हिडिओ पाहणं. त्यासाठी दोन वाटा आहेत. सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास असेल, तर त्याने ज्यांना लायब्ररी वाटून दिली आहे त्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. मालकाकडे पास नसेल, तर पाहणाऱ्याने रिमोट वॉच पास घ्यायचा. त्या बदलात त्याची किंमत महिन्याला १.९९ डॉलर, वर्षाला १९.९९ डॉलर ठेवली गेली. पूर्ण प्लेक्स पास महिन्याला ६.९९, वर्षाला ६९.९९ आणि लाइफटाइम २४९.९९ डॉलर झाला. लाइफटाइमची किंमत त्याआधी ११९.९९ होती, म्हणजे दुपटीहून जास्त वाढली. राग येणं स्वाभाविक आहे, पण घरातल्या वापराशी या आकड्यांचा संबंध नाही.

मग काहींना बैठकीच्या खोलीत बसूनसुद्धा पैशांची सूचना का दिसते? कारण आपल्याकडच्या जोडण्या. ब्रॉडबँडवाल्याने बसवलेला राउटर एक आणि आपण विकत आणलेला दुसरा, अशी दोन डबी अनेक घरांत एकामागे एक लावलेली असतात. टीव्ही पहिल्याच्या वायफायवर, सर्व्हर दुसऱ्याच्या. प्लेक्सच्या दृष्टीने ती दोन वेगळी नेटवर्कं, म्हणजे तुम्ही घराबाहेर. गेस्ट वायफाय किंवा फोनवर चालू राहिलेला व्हीपीएन यांमुळेही हेच होतं. दोन्ही उपकरणं एका राउटरखाली आणा, नाहीतर ब्रॉडबँडवाल्याचा राउटर ब्रिज मोडवर (मग तो वेगळं नेटवर्क न करता जोडणी नुसती पुढे देतो) टाकून घ्या. त्यानंतर सूचना दिसायला नको.

दुसरा दावा फोरकेचा. इथे ट्रान्सकोडिंग म्हणजे काय ते नीट सांगावं लागेल. टीव्हीला फाइल जशी आहे तशी चालवता येत असेल तर सर्व्हर ती फक्त पाठवतो. त्यात सर्व्हरची जवळजवळ काहीच ताकद लागत नाही, मग फाइल फोरके असली तरीही. टीव्हीला व्हिडिओ चालतो पण तो ज्या डब्यात भरला आहे तो फाइलप्रकार (उदाहरणार्थ एमकेव्ही) चालत नाही, तेव्हा सर्व्हर नुसता डबा बदलतो. तेही हलकं काम. टीव्हीला व्हिडिओच वाचता येत नाही, किंवा वाटेत तेवढा वेग नाही, तेव्हाच सर्व्हरला प्रत्येक फ्रेम उलगडून नव्याने बांधावी लागते. हे ट्रान्सकोडिंग. ते प्रोसेसरच्या व्हिडिओ विभागाकडून करून घेणं, म्हणजे हार्डवेअर ट्रान्सकोडिंग, प्लेक्समध्ये पासमागे आणि एम्बी या तशाच दुसऱ्या सर्व्हरमध्ये प्रीमियर या पैशांच्या योजनेमागे आहे. जेलीफिनमध्ये ते मोफत आहे.

पण घरात ट्रान्सकोडिंगची वेळ येऊच नये, हे मुख्य. गेल्या काही वर्षांतला साधा फोरके टीव्ही एचईव्हीसी (फोरके व्हिडिओ दाबून साठवायची नेहमीची पद्धत) फाइल सहज चालवतो. तरी ट्रान्सकोडिंग सुरू होत असेल तर तीन गोष्टी तपासा. एक, ॲपमधला दर्जा ओरिजिनलवर आहे का. अनेकदा तो आपोआप कमी ठेवलेला असतो. दोन, तुम्ही ब्राउझरमध्ये पाहताय का. सगळ्याच ब्राउझरना, सगळ्या मशीनवर एचईव्हीसी झेपतं असं नाही. तीन, सबटायटल. ब्लू-रेवरून आलेली सबटायटलं अक्षरं नसतात, चित्रं असतात, आणि ज्या ॲपला ती दाखवता येत नाहीत त्याच्यासाठी सर्व्हर ती व्हिडिओवर कोरत बसतो. तेवढ्यासाठी अख्खा सिनेमा ट्रान्सकोड होतो. त्याऐवजी एसआरटी, म्हणजे साध्या अक्षरांची सबटायटल फाइल ठेवा, आणि सबटायटलं मराठी असतील तर ती यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच जतन करा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतील. जेलीफिनमध्ये सबटायटलांसाठी पर्यायी फाँटचा फोल्डर देता येतो. त्यात देवनागरीचा एक फाँट टाकून ठेवावा.

वायरबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती फार लोकांना छळते. अनेक महागड्या टीव्हींचं लॅन पोर्ट अजून १०० एमबीपीएसचं असतं. मोठ्या फोरके फाइलचा वेग काही दृश्यांत त्याच्या पुढे जातो आणि चित्र अडखळतं. दोष सर्व्हरला दिला जातो, पास घेतला जातो, तरी अडखळणं तसंच. अशा वेळी वायर काढून पाच गिगाहर्ट्झचं वायफाय लावून पाहा.

तिसरा दावा: जेलीफिनमध्ये तेच सगळं आहे. अर्धं खरं आहे, आणि खरा अर्धा भाग फार मोलाचा आहे. एम्बीचा कोड आधी खुला होता. डिसेंबर २०१८मध्ये त्यांनी तो बंद केला, तेव्हा काही जणांनी ३.५.२ ही आवृत्ती घेऊन वेगळा संसार मांडला, तेच जेलीफिन. ते जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे, स्वयंसेवक चालवतात, आणि त्यात पैशांमागे कुलूपबंद केलेली एकही सोय नाही. खातं तुमच्याच मशीनवर असतं. पावसाळ्यात केबल तुटून दोन दिवस इंटरनेट गेलं तरी घरातला टीव्ही चालू राहतो. प्लेक्समध्ये साइन-इन त्यांच्या सर्व्हरवरून होतं, त्यामुळे इंटरनेट नसताना घरातही अडू शकतं. त्यासाठी लॅनवरच्या उपकरणांना साइन-इनशिवाय परवानगी देणारी सेटिंग आधीच भरून ठेवावी लागते. शिवाय ऑगस्ट २०२२ आणि सप्टेंबर २०२५, अशी दोनदा प्लेक्सने आपल्या वापरकर्त्यांना खात्यांची माहिती बाहेर गेल्याचं कळवून पासवर्ड बदलायला सांगितलं. जेलीफिनच्या बाजूचा हा मुद्दा वजनदार आहे, आणि फिरणाऱ्या संदेशात नेमका तोच नाही.

नसलेलं काय, तेही सांगायला हवं. प्लेक्सची कंपनी मधे बसून तुमच्या घरचा सर्व्हर आणि बाहेरचा फोन यांची गाठ घालून देते. जेलीफिनमध्ये मधे कोणीच नाही. हाच त्याचा गुण, आणि हेच तुमच्यावर येणारं काम. टीव्हीवरची ॲपही सगळीकडे सारखी नाहीत. अँड्रॉइड टीव्हीवर आणि एलजीवर ॲप सहज मिळतं; सॅमसंगवर मात्र अनेक वर्षं डेव्हलपर मोडमधून स्वतः चढवावं लागायचं. तांत्रिक हात नसलेल्या घरात सॅमसंगचा टीव्ही असेल तर एक स्ट्रीमिंग स्टिक जोडणं जास्त सोपं.

फाइलींची नावं मात्र दोन्हीकडे नीट द्यावीच लागतात. 'श्यामची आई' १९५३चा आहे आणि २०२३चाही. नावापुढे कंसात साल नसेल तर सर्व्हर कोणत्या सिनेमाचं पोस्टर लावेल याचा भरवसा नाही. लग्नाच्या कॅसेटी, नाटकांची घरगुती चित्रणं यांची माहिती कुठल्याच ऑनलाइन सूचीत नसते. ती घरगुती व्हिडिओच्या वेगळ्या लायब्ररीत ठेवा.

चौथा दावा, पोर्ट उघडा. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर पैसे वाया जातील. हा घर उघडं टाकतो. ८०९६वर जेलीफिन साध्या एचटीटीपीने बोलतं. म्हणजे बाहेरच्या हॉटेलच्या वायफायवरून लॉगिन केलंत तर पासवर्ड कोणतंही आवरण नसताना प्रवास करतो. शिवाय जेलीफिनमध्ये लॉगिन न तपासता उत्तर देणारे काही दुवे आहेत. प्रकल्पाच्या स्वतःच्या जाहीर नोंदींत त्यांची यादी आहे. घरातल्या नेटवर्कवर त्याने फारसं बिघडत नाही. जगासमोर ते ठेवणं वेगळी गोष्ट आहे.

मीडिया सर्व्हरवर कोण कशाला हल्ला करेल, असं वाटत असेल तर लास्टपासचं प्रकरण पाहा. पासवर्ड सांभाळणाऱ्या या कंपनीवर २०२२मध्ये हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरले ते प्लेक्सच्या जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीतून. त्या त्रुटीवरची दुरुस्ती मे २०२०मध्येच आली होती. ती त्या मशीनवर चढवलेली नव्हती. सर्व्हर फुकट असो की पैशांचा, अपडेट न करता तो इंटरनेटकडे तोंड करून ठेवू नये.

गंमत अशी की आपल्याकडे पुष्कळांच्या घरी हा सल्ला चालणारच नाही. अनेक कंपन्या कितीतरी ग्राहकांना मिळून इंटरनेटवरचा एकच (आयपीव्ही४) पत्ता देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही त्या सामायिक पत्त्यामागे आहात, आणि कितीही पोर्ट उघडलीत तरी बाहेरून कोणी पोचणार नाही.

योग्य मार्ग आहे खाजगी नेटवर्कचा. टेलस्केल हे व्हीपीएन ॲप वायरगार्ड या खुल्या तंत्रावर उभं आहे, वैयक्तिक वापराला मोफत आहे आणि सामायिक पत्त्यामागूनही चालतं. सर्व्हरवर आणि फोनवर ते टाकलं की फोन कुठेही असो, घरातच असल्यासारखा वागतो. राउटरला हात लावावा लागत नाही. अँड्रॉइड टीव्ही आणि ॲपल टीव्हीवरही ते चढतं. एलजी आणि सॅमसंगच्या टीव्हीत चढत नाही. म्हणून पुण्यातला मुलगा आणि चिपळूणला आई-बाबा, त्यांच्याकडे साधा स्मार्ट टीव्ही, रिमोटची दोनच बटणं ओळखीची, अशा घरासाठी प्लेक्सला पैसे देणं मला योग्य वाटतं. तिथे तुम्ही गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थाचे पैसे देता, आणि ते काम खरंच होतं.

पाचवा दावा, खर्च शून्य. जुना डेस्कटॉप सरासरी ५० वॅट खातो असं धरा. चोवीस तास, वर्षभर: ४३८ युनिट. महिन्याला ३६ युनिटच्या वर, आणि ते बिलात तुमच्या सर्वांत वरच्या स्लॅबच्या दराने लागतात. इंटेल एन१०० या कमी विजेच्या प्रोसेसरचा छोटा संगणक दहा वॅटच्या आसपास राहिला तर तोच आकडा ८८ युनिटचा. शिवाय डेस्कटॉप इंटेलच्या चौथ्या पिढीचा असेल तर त्याच्या व्हिडिओ विभागाला एचईव्हीसी येतच नाही. दहा बिटचं (जास्त रंगछटांचं) एचईव्हीसी सातव्या पिढीपासून नीट आलं. म्हणजे जेलीफिनने हार्डवेअर ट्रान्सकोडिंग फुकट दिलं तरी त्या मशीनवर एचईव्हीसीसाठी त्याचा उपयोग नाही. जुना लॅपटॉप वीज कमी खातो, पण फुगलेली बॅटरी आधी काढून टाका.

राहिला लाइफटाइम पास. त्यात चूक काही नाही, हिशोब मात्र करा. २०२५च्या दरांनी मांडायचं तर, वर्षाच्या ६९.९९ डॉलरच्या हिशोबाने २४९.९९ डॉलर साडेतीन वर्षांत फिटतात. ज्याला फक्त घराबाहेरून पाहायचं आहे त्याने वर्षाच्या १९.९९शी तुलना केली तर साडेबारा वर्षं लागतात. एवढ्या काळात कंपनी काय पैशांत टाकेल आणि काय बंद करेल, हे तुमच्या हातात नाही. २०२५चा बदल हेच दाखवतो. मी असतो तर आधी घरात जेलीफिन लावून महिनाभर वापरलं असतं. मग बाहेरून खरोखर कोण पाहतं, कोणत्या उपकरणावर, याची नोंद केली असती. टेलस्केल न चढणारा एखादा टीव्ही त्यात निघाला, तर त्या टीव्हीसाठी प्लेक्सही त्याच मशीनवर त्याच फोल्डरांवर लावता येतं. दोन्ही सर्व्हर शेजारी-शेजारी चालतात, आणि पैसे एका रिमोट वॉच पासचेच पडतात.