ताणा ना बाणा

आमच्या फाटकाचा डावा खांब बारा वर्षं एकाच जागी उभा आहे. त्या दिवशीही तो तिथंच होता, हे मी नंतर मान्य केलं. गाडीचं नाक त्याला लागलं, पण पत्रा चेपल्याचा ओळखीचा ‘धप्प’ काही आला नाही. कडक भाकरी मोडल्यासारखा आवाज आला. उतरून पाहिलं तर बंपरला हातभर तडा आणि तळहाताएवढा तुकडा जमिनीवर.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन माणसांची, वरून उघडी, आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. तिला स्पोर्ट्स कार म्हणतात, निदान मी तरी म्हणतो. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलला एका रिक्षावाल्यानं मात्र विचारलं होतं, “काका, उरलेली अर्धी गाडी कुठं ठेवलाव?”

तर या गाडीची बॉडी फायबरग्लासची. मिस्त्रीनं बोटानं टकटक केलं, लोहचुंबक लावून पाहिलं. ते घसरून त्याच्या पायावर पडलं. “पत्रा असता तर ठोकून सरळ करून दिलो असतो साहेब. हे ठोकलं तर चुरा हुतंय. पाण्याच्या टाक्या बनवतेत बघा, त्यांच्याकडं जावा.”

टाकीवाल्याकडे? स्पोर्ट्स कार? मी ती तशीच घरी आणली आणि मोबाइलवर चार व्हिडिओ बघून स्वतःच मिस्त्री झालो.

मोडणं सोपं, जोडणं अवघड असं म्हणणाऱ्या माणसानं फायबरचा बंपर काढलेला नसतो. पत्र्याच्या गाडीत बोल्ट गंजला तर डिझेल सोडायचं, पाना लावायचा, दोन शिव्या घालायच्या, निघतो. इथं नट फायबरमध्येच आतून बसवलेला. बोल्ट गंजून त्याला चिकटला की पान्याबरोबर नटसुद्धा आपली जागा सोडून गरगर फिरायला लागतो. मी फिरवतोय, बोल्ट फिरतोय, नट फिरतोय आणि बाहेर काहीच येत नाही. ज्यांनी कधी जमिनीच्या उताऱ्यावरची नोंद दुरुस्त करून घेतली आहे, त्यांना ही अवस्था वेगळी सांगायला नको. शेवटचे दोन बोल्ट हॅक्सॉच्या पात्यानं कापले. त्यात अंगठ्याचंही थोडं कातडं गेलं.

“काय करूलालास बे?”

भिंतीपलीकडचे अण्णा. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस. चादर हातात न घेता लांबूनच तिचं वजन सांगतो. मी आणलेली फायबरची मॅट त्यांनी पेठेतल्या दुकानात बसल्यासारखी अंगठा आणि बोटात चोळली, मग उन्हाकडे धरली. उभा-आडवा धागा काही दिसेना. चेहरा पडला.

“ह्याला ताणा कुठंय? बाणा कुठंय?”

“अण्णा, यात काचेचे बारीक धागे असेच वाटेल तसे पसरलेले असतात. त्यामुळं सगळ्या बाजूंनी सारखी ताकद येते.”

“मग हे कापड नव्हं. केर हाय.”

केर चोळलेली ती बोटं अण्णा रात्री नऊपर्यंत खाजवत होते. मी स्वतः अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून तड्याच्या कडा घासल्या होत्या, त्यामुळं बोलायची सोय नव्हती. काचेची धूळ अंगात शिरली की माणसानं काय करावं? गरम पाण्यानं आंघोळ करू नये, एवढं तरी मी आता अनुभवानं सांगू शकतो. आधी गार पाणी. गरमानं माझी खाज आणखी मुक्कामाला आली.

मॅटवर लावल्यावर गोठून टणक होणाऱ्या चिकट रेझिनच्या दुकानदारानं तीन बाटल्या देताना दम भरला होता. गोठण्याला वेग देणारं कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचं, मग गोठवणारं हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनरची थेट गाठ घालायची नाही, भडका उडतो. ते मी तंतोतंत पाळलं. चुकलो भांड्यात. माळ्यावर थर्माकोलचे ग्लास होते, २०१८ च्या बंदीच्या आधीचे, बायकोनं जपून ठेवलेले. पाव किलो रेझिन त्यात ओतलं आणि ढवळायला काडी घेईपर्यंत ग्लासाला बूडच राहिलं नाही. विरघळलं! रेझिन फरशीवर, फरशीवरून माझ्या चपलेखाली. ती चप्पल आजही अंगणात आहे. काढायची तर फरशीसकट काढावी लागेल.

दुसऱ्या खेपेला स्टीलची वाटी घेतली. (कुठल्या सेटमधली, ते विचारू नका.) हार्डनर शेकडा एक-दोन टक्के टाकायचं असतं, म्हणजे पाव किलोला जेमतेम चमचाभर. मी खोकल्याच्या औषधाचं टोपण भरून टाकलं, आणि तेही मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, बेचाळीस अंशांत. उष्णतेनं रेझिन आणखी लवकर गोठतं, हे व्हिडिओतल्या थंड देशातल्या माणसाला सांगायची गरज पडली नसावी. ब्रश बुडवला तोवर वाटीतून धूर निघत होता आणि ब्रश वाटीत उभा राहिला होता. अण्णांनी वाटी उलटी करून पाहिली. ब्रश हलला नाही. “हे घट्ट बसलंय,” ते पहिल्यांदाच आदरानं म्हणाले.

सावली हवी, असं दोघांचं ठरलं. मी कपाटातून हाताला लागली ती चादर आणली, दोरीवर बांधली आणि खाली बंपर पालथा घातला. संध्याकाळी पाच वाजता, चमचा मोजून, आतल्या बाजूनं मॅटचे तीन थर बसवले. ब्रशनं दाबून दाबून हवेचे बुडबुडे काढायचे काम अण्णांनी घेतलं. त्यांचा हात सुरेख चालत होता. एवढ्यात अक्कलकोट रोडच्या बाजूनं आभाळ काळं झालं, वावटळ उठली, चार टपोरे थेंब पडले आणि वळवाच्या त्या वाऱ्यानं चादर दोरीसकट उचलून नेमकी ओल्या रेझिनवर पसरली.

ओढून काढायला गेलो तर अण्णांनी हात धरला. “आता वढू नको. तीनी थर निघून येतील.”

वीस मिनिटांत चादर दगड झाली. कडेनं कात्री फिरवली, मग कात्रीनं नाद सोडला म्हणून करवत. पुढं लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं यात सांगण्यासारखं फार नाही. फक्त पाण्याचा कागद पाणी लावून घासायचा असतो आणि आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, एवढ्यावरून घरात काय झालं असेल ते समजून घ्या. रंग थोडा वेगळा आलाय. ऊन उतरल्यावर कळत नाही.

बंपर बसवायच्या दिवशी अण्णांनी आतून हात फिरवला. सोलापुरी चादर, तीही रेझिननं कडक झालेली. त्यांनी नखानं विणीवर रेघ मारली, मान डोलावली. “आता हाय बघ. ताणा बी हाय, बाणा बी हाय.”

काल बायको कपाट आवरत होती. “अहो, आईनं दिवाळीला दिलेली मोराची चादर कुठं दिसत नाही?”

मी म्हटलं, अर्धी सापडली आहे. मोराचा पिसारा तिला दाखवायला गाडीखाली झोपावं लागेल, हे अजून सांगितलेलं नाही.