चीक प्यायलेल्या पिल्लालाही जंत होतात

कुत्र्याच्या पिल्लांविषयी एक संदेश पुष्कळ फिरतो आहे: आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिने, पिल्लाला जंतांपासून वाचवतात, म्हणून तीन महिन्यांपर्यंत जंतांचे औषध देऊ नये, शिवाय कोवळ्या पोटाला ते सोसतही नाही.

प्रतिपिंडे आईकडून मिळतात, हे खरे आहे. मात्र कुत्रीच्या वारेतून त्यांपैकी जेमतेम ५ ते १० टक्के पिल्लापर्यंत पोहोचतात. उरलेली चिकातून येतात आणि तीही पहिल्या दिवसातच, कारण साधारण २४ तासांनंतर पिल्लाचे आतडे ती शोषून घेऊ शकत नाही.

ही प्रतिपिंडे जंतांना रोखतात, हे मात्र चूक आहे. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या विषाणूला ती काही आठवडे अडवतात. टॉक्सोकारा कॅनिस या गोलकृमीचे तसे नाही. त्याच्या अळ्या आईच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत दीर्घकाळ सुप्त राहतात, गाभणपणाच्या सुमारे ४२व्या दिवसापासून पुन्हा हालचाल करू लागतात आणि वारेतून गर्भाच्या यकृतात शिरतात, म्हणजे चिकाचा पहिला घोट घेण्याआधीच पिल्लाला लागण झालेली असते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे तिच्याच अंगातल्या अळ्या संपवू शकत नाहीत, मग उसनी मिळालेली पिल्लाला कशी तारतील? जन्मानंतर या अळ्या फुफ्फुसांतून श्वासनलिकेत चढतात, गिळल्या जातात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांच्यापासून वाढलेले जंत आतड्यात अंडी घालू लागतात.

आतड्यात रक्त शोषणाऱ्या अंकुशकृमी या दुसऱ्या जंताच्या अळ्या तर दुधातूनच येतात. हिरड्या पांढुरक्या, विष्ठा डांबरासारखी काळी, अंगात त्राण नाही, असे पिल्लू विष्ठेत अंडी दिसू लागण्याआधीच रक्तक्षयाने दगावू शकते. म्हणून तपासणीत काही निघाले नाही, एवढ्यावर निर्धास्त राहणे मला धोक्याचे वाटते.

औषध सोसत नाही, हेही खरे नाही. पायरँटेलसारखे औषध वजनाच्या प्रमाणात दुसऱ्या आठवड्यापासून देता येते, पुढे दर दोन आठवड्यांनी दूध सुटेपर्यंत, आणि त्याच वेळी आईलाही. तीन महिने थांबलो तर तोवर अंगणाच्या मातीत अंडी साठत जातात, काही आठवड्यांत ती संसर्गक्षम होतात आणि तिथे खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंतही पोहोचतात. नेहमीचे जंतनाशक आईच्या अंगातल्या सुप्त अळ्यांपर्यंत फारसे पोहोचत नाही. त्यासाठी पशुवैद्य गाभणपणाच्या ४०व्या दिवसापासून व्याल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत रोज फेनबेंडॅझोल देतात, आणि त्याने पिल्लांकडे जाणाऱ्या अळ्या बऱ्याच घटतात.