‘मुंबईत रॉक १९९६ साली आला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा सारांश असा. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सन अंधेरीत नाचला, तिथून मुंबईत लाइव्ह रॉक सुरू झाला. त्याआधी आपल्याकडे फक्त ऑर्केस्ट्रा होते. जे थोडंफार झालं ते कुलाबा-मलबार हिलच्या श्रीमंत पोरांचं, मराठी माणसाचा त्यात काही संबंध नव्हता. आणि त्या काळाची कसलीच नोंद उरलेली नाही, तेव्हा आता शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

पहिली तीन विधानं चुकीची आहेत, ती दुरुस्त करता येतात. चौथ्याचा मला राग येतो. ते वाचून कुणीतरी जुन्या तिकिटांचं पाकीट रद्दीत टाकेल.

आधी तारखेचं बघू. अंधेरीच्या क्रीडा संकुलातला तो कार्यक्रम प्रचंड मोठा होता, पण तो पॉपचा. रॉकचंच म्हणायचं तर डीप पर्पल हा ब्रिटिश बँड घ्या, ते त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत वाजवून गेले होते आणि जेथ्रो टल १९९४ मध्ये. मार्च १९८० मध्ये ‘द पोलिस’ हा ब्रिटिश बँड इथे आला, त्यांना टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या बायकांनी आणलं होतं. त्याच्याही दहा वर्षं आधी सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरातल्या बँडची ‘सिमला बीट’ स्पर्धा भरायची आणि मुंबईत ती षण्मुखानंद सभागृहात रंगायची. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतल्या बँडच्या एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकड्या, निघाल्या. त्या आज परदेशातले संग्राहक शोधत फिरतात आणि आपण म्हणतो, काही नव्हतंच. इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे पोरांच्या तोंडचं आय-रॉक, १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात भरू लागलं. जॅक्सनची चार्टर्ड विमानं उतरली तेव्हा या उत्सवाला दहा वर्षं झाली होती.

‘फक्त ऑर्केस्ट्रा होते’ हे अर्धं खरं आहे. ऑर्केस्ट्रा होते, उत्तम होते, आणि बँडमधले कित्येक वादक पोटासाठी फिल्मी रेकॉर्डिंग करत. पण सॅव्हेजेस, वेलवेट फॉग, अॅटॉमिक फॉरेस्ट ही नावं मुंबईच्या रॉक बँडची आहेत, ऑर्केस्ट्राची नाहीत. अॅटॉमिक फॉरेस्टचं सत्तरच्या दशकातलं ध्वनिमुद्रण २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नाऊ-अगेन या कंपनीने पुन्हा काढलं. रॉक मशीन १९८४ ला उभा राहिला आणि १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम घेऊन आला. परक्यांचीच गाणी वाजवायची हा तोवरचा रिवाज त्यांनी मोडला. हाच बँड १९९३ पासून इंडस क्रीड.

इथे आपल्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायला हवं, कारण या मजकुराला उत्तर म्हणून दुसरी एक थाप फिरते: ‘लेड झेपेलिनने मुंबईत कॉन्सर्ट केली होती.’ नव्हती केली. १९७२ मध्ये या ब्रिटिश रॉक बँडमधले दोघे, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट, मुंबईत होते. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या डिस्कोथेकमध्ये एका रात्री ते इथल्या पोरांना घेऊन वाजवायला बसले. शिवाय इथल्या वादकांबरोबर त्यांनी स्टुडिओत दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, ती २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. एवढं घडलं ते पुरेसं थोर आहे. त्याचं स्टेडियम करायला गेलं की समोरचा ती एक थाप पकडतो आणि खऱ्या दहा गोष्टीही उडवून लावतो.

आता मराठी माणसाचं. नंदू भेंडे कोणाचे? मराठी रंगभूमीवरच्या आत्माराम आणि आशा भेंड्यांचे चिरंजीव. ते वेलवेट फॉगमध्ये गायले, अॅटॉमिक फॉरेस्टमध्ये गायले. १९७४ मध्ये दिग्दर्शक अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीत नाटक मुंबईच्या रंगमंचावर आणलं, त्यातला ज्यूडास त्यांचा. आणि तोच गळा पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’ मध्ये मराठी प्रेक्षकांनी ऐकला. रॉक मशीनचा गिटारवादक महेश तिनईकर. पुढच्या पिढीतला ब्रह्मा हा बँड वाशीचा, खाडीपलीकडचा. मलबार हिल कुठे राहिली यात?

हे खरं की भाषा इंग्रजी होती, वाद्यं परदेशी आणि खिशाला न परवडणारी होती, आणि बरेचसे बँड कॉलेजांच्या आवारात वाढले. ते नाकारायचं कारण नाही. पण कार्यक्रम म्हणजे फक्त स्टेजवरचे चौघे का? मंडप कोणी घातला, दिवे कोणी लावले, साउंड कोणाचा? माझ्या ओळखीत एक काका आहेत, गिरगावातले जुने साउंडवाले. त्यांच्याकडे भाड्याच्या कामांच्या डायऱ्या आहेत, विमा कंपनीने फुकट दिलेल्या, कव्हर फाटलेल्या. एका पानावर त्यांच्या तिरप्या अक्षरात पेन्सिलने लिहिलंय: ‘रंगभवन. ड्रमला माइक ४. मॉनिटर २. बयाणा मिळाला, बाकी सोमवारी.’ खालच्याच ओळीत एका सत्यनारायणाच्या पूजेचे दोन कर्णे. बँडचं नाव नाही, कारण काकांना त्याची गरज नव्हती. तारीख मात्र आहे, गल्लीचा पत्ता आहे, आणि किती माइक गेले तेही आहे. मुंबईच्या रॉकची ही मराठीतली नोंद आहे. अशा डायऱ्या आणखी किती माळ्यांवर असतील, याचा विचार करून मला झोप लागत नाही.

म्हणजे आलो चौथ्या मुद्द्यावर. ‘नोंद नाही’ असं लोकांना का वाटतं ते मी समजू शकते. मुख्य जागाच मुकी झाली. रंगभवन उघड्यावरचं, एका बाजूला झेवियर्स कॉलेज, आसपास कामा आणि जी. टी. रुग्णालयं, जवळ किल्ला कोर्ट. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र आलं, आणि पुढच्या काही वर्षांत तिथलं रॉक थांबलं. रुग्णांची बाजू रास्त होती. पण त्यानंतर मोठी झालेली पिढी त्या फाटकावरून रोज जाते आणि आत काय होत होतं हे तिला ठाऊक नाही. त्यात त्या काळचं काहीच नेटवर आपसूक चढलेलं नाही. मोबाइलवर शोधलं, सापडलं नाही, म्हणून घडलंच नाही, इतका सोपा हिशेब लोक मांडतात.

कागद मात्र आहे. वर्तमानपत्रांचे बांधीव खंड ग्रंथालयांत आहेत. कार्यक्रमांच्या छोट्या जाहिराती आणि ‘आजचे कार्यक्रम’ ही सदरं नेटाने चाळावी लागतात. एक पथ्य पाळायचं: जाहिरात आली म्हणजे कार्यक्रम झाला असं नाही. पावसाने रद्द झाला असेल, परवाना अडला असेल. पुढच्या दोन-तीन दिवसांचे अंक पाहून वृत्त किंवा परीक्षण मिळालं तरच ‘झाला’ असं लिहायचं. तिकिटावर करमणूक कर लागायचा, सादरीकरणाला पोलिसांचा परवाना लागायचा. म्हणजे आयोजकांच्या घरी त्या फायली असू शकतात, विचारायला काय हरकत आहे?

वर्ष न छापलेल्या हँडबिलाचं काय, असं विचारतात. तेही बोलतं. समजा ते सत्तर किंवा ऐंशीच्या दशकातलं आहे आणि त्यावर ‘शनिवार, १२ डिसेंबर’ एवढंच आहे. त्या दोन दशकांत ही तारीख शनिवारी आली ती १९७०, १९८१ आणि १९८७ मध्ये. आता खालचा पत्ता बघा. ‘मुंबई २८’ असेल तर फारसं कळत नाही, कारण जुनी सवय लोकांनी पुढेही सोडली नाही. पण ‘४०० ०२८’ असेल तर १९७० बाद, कारण सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. उरली दोन वर्षं. यादीत रॉक मशीनचं नाव असेल तर १९८१ ही गेलं. चार इंचांच्या चिटोऱ्यावरून वर्ष नक्की होतं, आणि त्यासाठी कोणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही. हीच युक्ती उलटीही चालते: १९८९ च्या म्हणून मिरवणाऱ्या पोस्टरवर इंडस क्रीड लिहिलं असेल, तर ते पोस्टर मागाहून बनवलेलं आहे.

आठवणी बिनकामाच्या आहेत असं मात्र नाही. त्या नीट काढून घ्याव्या लागतात. ‘कोणत्या साली?’ हा प्रश्न विचारूच नका, माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून एखादं साल सांगून टाकतो. तेव्हा कितवीत होतात, नोकरी कुठे होती, बरोबर कोण होतं, मरीन लाइन्सला शेवटची गाडी मिळाली की चालत गेलात, घरी काय थाप मारली होती, हे विचारा. बारावीचं वर्ष कोणी विसरत नाही. दोघांना वेगवेगळं बसवून विचारा, एकत्र बसले की मोठ्या आवाजाचा जिंकतो. आणि गायकाच्या आधी साउंडवाल्याला, दिवेवाल्याला, फाटकावर तिकीट फाडणाऱ्याला गाठा. गायकाच्या मुलाखती पुष्कळ झाल्यात, यांना अजून कोणी विचारलेलं नाही.

घरात कॅसेट सापडली तर लगेच वाजवू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वेष्टनावर हाताने लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून घ्या, चुकीचं वाटलं तरी. मग ज्याच्याकडे चालू स्थितीतला कॅसेट डेक आहे त्याच्याकडून एकदाच, पूर्ण, मधल्या टाळ्या आणि शिट्ट्यांसकट उतरवून घ्या. टाळ्यांच्या मध्ये निवेदक बोलतो, आणि बँडचं नाव, जागेचं नाव बहुतेक वेळा तिथेच सापडतं.