बूट लहान झाले होते

माझी लेक तेव्हा साडेचार वर्षांची होती. शनिवारची सकाळ, कोर्टातली मुलांची खोली. भिंतीवर रंगवलेले ससे, कोपऱ्यात प्लास्टिकची घसरगुंडी, शेजारच्या बाकावर आमच्यासारखंच दुसरं एक कुटुंब. तिचे बाबा तिला आठ महिन्यांनी भेटत होते. त्यांनी पिशवीतून लाल बूट काढले, खाली बसले आणि तिच्या पायात घालू लागले. टाच आत जाईना. नाडी पूर्ण सोडून पाहिली, मागून बोट घालून पाहिलं. "बाबा, दुखतंय," ती म्हणाली. त्यांनी बूट परत पिशवीत ठेवले. त्यांना तिचा आठ महिन्यांपूर्वीचा पाय आठवत होता.

आम्ही वेगळे झालो होतो, आणि ते आठ महिने त्यांची भेट मीच अडवली होती. कधी तापाचं सर्टिफिकेट दिलं, कधी वकील आजारी, कधी उत्तर दाखल करायला मुदत हवी. ताप एकदाच खरा होता. पोटगी थकली होती, माझा रागही खरा होता, आणि माहेरची सगळी माणसं सांगत होती, "पैसे देत नाही ना तो, मग पोरगी दाखवूच नकोस." मला ते पटलं होतं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. माझ्या ओळखीतल्या तिघी जणी सध्या याच वाटेवर आहेत आणि तिघींनाही तोच सल्ला मिळतोय, म्हणून आज लिहिते आहे. पोटगी आणि मुलाची भेट यांचा एकमेकींशी सौदा होत नाही. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करता येतो, त्याचा मार्ग वेगळा आहे. तो लांबचा आणि दमवणारा आहे, हे मी स्वतः भोगलंय. तरीही मुलाला अडवून धरणं हा त्यावरचा उपाय नाही. आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी बंद करणाऱ्या बापांनाही तेच सांगेन. ते पैसे बायकोचा सूड म्हणून थांबवता, पण कमी पडतात ते मुलाच्या ताटात.

मला तर 'ताबा' हा शब्दच खुपतो. शेताचा ताबा, फ्लॅटचा ताबा आणि मुलाचाही ताबा. शब्द तो असला की माणसं वागतातही तशीच, कुलूप लावून बसतात. सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात 1973 सालीच म्हटलं होतं की मुलं ही आईबापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमही कलम 13 मध्ये मुलाचं कल्याण सर्वांत वर ठेवतो.

त्याच कायद्याच्या कलम 6 ने माझी झोप उडवली होती. कुणीतरी सांगितलं होतं, पाच वर्षांपर्यंत मूल आईचं, मग बापाचं. लेकीचा पाचवा वाढदिवस जवळ येऊ लागला तसा माझा जीव खालीवर व्हायचा. मी तारखा लांबवत होते त्यामागे रागाइतकीच ही भीतीही होती. पुढे समुपदेशक बाईंनी समोर बसवून समजावलं. पाच वर्षं पूर्ण न झालेलं मूल सामान्यपणे आईकडे असावं, एवढंच तिथे लिहिलंय. पाचव्या वाढदिवशी आपोआप काहीही बदलत नाही, न्यायालय पुन्हा मुलाचं हितच बघतं. मूल कळतं झालं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. हे मला आधी कुणी नीट सांगितलं असतं, तर आठातले निदान चार महिने वाचले असते, असं मला आजही वाटतं.

त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून, म्हणजे कायदा ज्याला आपोआप मुलाचा पालक मानतो तो म्हणून, आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई आहे. 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या 'नंतर'चा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर एवढाच धरायचा नाही, असं ठरवलं. बाप हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसेल तर आई पालक असू शकते. कायद्यातले शब्द मात्र जिथल्या तिथे आहेत. सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाने 2015 साली 257 व्या अहवालात पालकत्वाच्या कायद्यातली ही असमानता काढावी आणि दोघांकडे मिळून ताबा देण्याची सोय कायद्यात घालावी, असं सुचवलं. दहा वर्षं उलटून गेली.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती न लिहिता हे सगळं वाचणं काही बायकांना जाचेल. जिथे मारहाण आहे, दारू आहे, मुलाच्या जिवाला किंवा मनाला धोका आहे, तिथे भेट रोखायलाच हवी. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कलम 21 खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलाला घातक ठरणार असेल तर ती नाकारूही शकतात. तसं असेल तर तेच अर्जात लिहा, पुराव्यासह. आमच्या घरात तसं काही नव्हतं. आमचं पटत नव्हतं, एवढंच.

खरा घात होतो तो वेळेचा. मोठ्यांच्या खटल्यात आठ महिने म्हणजे काहीच नाही, चारपाच तारखा. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो सहावा भाग आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की मुख्य खटला चालायचा तसा चालू दे, पण भेटीचा अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश पहिल्या महिन्यातच व्हायला हवा. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमात कलम 12 खाली अंतरिम आदेश आजही देता येतो. तो मागायला हवा, आणि समोरच्याने उगाच अडवायला नको. 2020 च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुलाला दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे आणि लांब राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावं.

आदेशात बारीकसारीक लिहून घ्या. कुठला रविवार, किती वाजता, कुणी आणून सोडायचं, शाळेचा निकाल दोघांना मिळणार का, दिवाळीतली भाऊबीज कुणाकडे, आजीआजोबा भेटू शकतात का. आमच्या आदेशात नुसतं 'सोयीनुसार' होतं. त्या एका शब्दावरून आम्ही वर्षभर भांडलो. लेकीची आजी एकदा फोनवर म्हणाली, "संक्रांतीला हलव्याचे दागिने करून ठेवलेत गं, पाठवशील का तिला?" मी "बघते" म्हणाले आणि पाठवलं नाही. पुढच्या संक्रांतीला आजी नव्हत्या.

ज्यांची केस सध्या चालू आहे त्यांच्यासाठी एक शेवटचं. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते तशी न्यायालयांनाही असते. सुट्टीतल्या भेटीचा अर्ज एप्रिलच्या शेवटी टाकला तर आदेश व्हायच्या आत शाळा सुरू होते. तो फेब्रुवारीतच द्या. आणि समोरून असा अर्ज आला, तर पहिल्याच तारखेला उत्तर द्या.