सहावी वाटी

इटलीत भाड्याचं घर सोडताना लोक दिवेसुद्धा काढून नेतात. नव्या भाडेकरूसाठी छतातून लोंबणाऱ्या दोन वायरी तेवढ्या उरतात. अशा वायरींखाली मी मिलानमध्ये सात महिने काढले. गेल्या रविवारी तिरमिरीत उठलो आणि नाव्हिल्यो कालव्याकाठी महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथून झुंबर घेऊन आलो. पितळी दांडा, सहा हात, प्रत्येक हाताच्या टोकाला दुधी काचेची वाटी. विकणारा म्हणाला, पन्नासच्या दशकातलं आहे, स्तिलनोवो कंपनीचं. ३०० युरो म्हणाला आणि दुसऱ्या मिनिटाला २४० वर आला. मंडईत आईचं बोट धरून वाढलेल्या माणसाला तिथेच संशय यायला हवा होता.

टॅक्सीवाल्याने झुंबराकडे बघून मान हलवली, म्हणून ट्राम. मिलानमध्ये १९२८ सालच्या बनावटीच्या ट्राम अजून धावतात. लाकडी बाकं खिडक्यांलगत, समोरासमोर. त्यामुळे तुमच्या मांडीवर काय आहे हा सगळ्या डब्याचा विषय होतो. मी झुंबर मांडीवर धरून बसलो, रिक्षातून गणपती घरी आणतात तसा. फरक इतकाच, की इथे कुणी सरकून जागा दिली नाही.

समोर एक ‘शूरा’ होती. सत्तरी ओलांडलेली, केस सेट केलेले, गळ्यात मोती आणि शहराचा सातबारा आपल्याच नावावर असल्याचा चेहरा, अशा बाईला मिलानमध्ये शूरा म्हणतात. मराठी अर्थही चालून जातो.

“कुणाकडे पोचवायचंय?” तिने विचारलं.

“घरी.”

“घरी हो, पण कुणाच्या?”

“माझ्या.”

“मग मालकांना सांग, पितळेला ओलं फडकं लावू नका म्हणावं.”

इटालियनमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे. अनोळखी माणसाला तुम्ही म्हणायचं, हे भाषेच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण रंग माझा आणि हातात सामान, की मी थेट ‘तू’. अकरा वर्षं या शहरात कर भरतोय. याची गंमत वाटायला मला अजून थोडे दिवस लागतील.

“मी विकत घेतलंय, सिन्योरा. माझ्यासाठी.”

तिने पर्समधून दुसरा चष्मा काढला. “तुम्ही?”

आलं! तुम्ही आलं! २४० युरो तिथेच वसूल झाले.

“काय म्हणून घेतलंत?”

“स्तिलनोवो.”

“सगळे स्तिलनोवोच म्हणतात. कंपनी निघाली १९४६ साली. बाजारात आज जेवढी फिरतायत तेवढी खरंच बनवली असती, तर देशात दाराच्या कडीला पितळ उरलं नसतं. लेबल?”

मी वरची पितळी वाटी तिच्याकडे वळवली. तिथे डिंकाचा चौकोनी डाग होता. त्या डागाचेच मी निम्मे पैसे मोजले होते.

“पडलं वाटतं,” ती म्हणाली. “सगळ्यांचंच पडतं.”

मग शेजारच्या आजोबांकडे वळून तिने जीनो सारफात्तीचा विषय काढला. विमानांचं इंजिनिअरिंग शिकायला गेलेला पोरगा, ते सोडून दिवे करत बसला. दिव्यांना नावंसुद्धा दिली नाहीत, नुसते आकडे! १९५८ चं २०९७ पाहिलंय? जुन्या झुंबरात जिथे लोलकांच्या माळा झुलायच्या, तिथे त्याने उघड्या वायरी झुलवल्या. आजोबांनी मान डोलावली. मी पाहिलं होतं. पुण्याला आईला फोटोही पाठवला होता. तिचा लगेच फोन, “डेकोरेटरला पैसे दिले नाहीत का रे? काम अर्धवट टाकून गेलाय.”

एवढ्यात शूरेने हात पुढे करून अंगठीने माझ्या वाट्या वाजवायला सुरुवात केली. परवानगी वगैरे नाही. टिंग. टिंग. टिंग. टिंग. टिंग. टप.

तिने सहावी पुन्हा वाजवली. टप. एका मुलाने कानातले हेडफोन काढले.

“प्लास्टिक,” ती म्हणाली. इटालियनमध्येही तो शब्द ऐकायला तसाच लागतो, त्यामुळे न समजल्याचं सोंग करता येईना.

“सारफात्तीनेही प्लास्टिक वापरलंय,” मी आदल्या रात्रीचं वाचन बाहेर काढलं. “१९५३ चं २०७२. रंगीत पर्स्पेक्सच्या चकत्या आहेत त्यात.”

“त्याने सांगून वापरलं. तू फसलास.”

गेलं, तुम्ही गेलं.

पुढचे तीन स्टॉप मी खिडकीबाहेर बघत होतो. राग तिचा येत नव्हता असं नाही, पण जास्त राग येत होता तो या सगळ्या भानगडीचाच. १९४३ च्या बॉम्बवर्षावात होरपळलेलं हे शहर. पुढे नव्या इमारती उठल्या, मध्यमवर्गाच्या जेवणाच्या टेबलावर असली झुंबरं लागली. काही वर्षांनी जुनाट म्हणून त्याच घरांनी ती माळ्यावर टाकली. आता खरी असतील ती लिलावात जातात, हॉटेलांच्या लॉबीत जातात. जेवणाच्या टेबलावर उजेड हवा असलेल्या माणसाला डिंकाचा डाग मिळतो. आणि भाड्याच्या घरात एक साधा बल्ब ठेवून गेलं तर यांचं काय जातं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

उतरताना ती माझ्यापाशी थांबली. “प्लास्टिकची भिंतीकडे कर. कुणाला कळणार नाही.”

काल इलेक्ट्रिशियनने हुकाला अडकवून दिलं. प्लास्टिकची मी भिंतीकडेच केली, दुसरं काय करणार. पण खालून ट्राम गेली की घर थरथरतं आणि झुंबर हुकावर जरासं फिरतं. आज सकाळी बघतो तर सहावी वाटी बरोबर सोफ्यावर आली होती.